गाण्याचा वाटा

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आधी चहा आणि मग वाटे, असा माझ्या आत्याचा कायदा होता. आत्या रिठदला दिलेली. तिची स्वतःची गायन पार्टी होती. जयंतीला, लग्नाला, विहाराच्या वर्धापनदिनाला गावोगावची बोलावणी यायची. शाळेला सुट्टी लागली की मी तिच्याकडे जायचे आणि कोरसमध्ये बसून झांज वाजवायचे. कोरसवाल्यांचं नशीब म्हणजे ओळीतले शेवटचे दोन शब्द. पण ते दोन शब्द मी असे ठणकावून म्हणायचे, की पेटीवाले मामा बसल्या जागी सरकून घ्यायचे.

सकाळी सगळे ओसरीवर गोल बसत. घसे बसलेले, ढोलकीवाल्याची बोटं सुजलेली, आणि सगळ्यांची नजर आत्याच्या मांडीवरच्या स्टीलच्या डब्यावर. आयोजकांनी दिलेली बिदागी आणि लोकांनी गाण्याच्या मध्येच आणून दिलेल्या नोटा, सगळं त्या डब्यात. मग वाटे पडत. गाणारीचा, पेटीचा, ढोलकीचा, बेंजोचा, आणि आम्हा कोरसवाल्या दोघींना मिळून एक. यावर मी कायम कुरकुर केली आणि कायम हरले. सगळ्यात शेवटी आत्या एक वाटा असा काढायची, की त्याच्यासमोर कोणी बसलेलंच नसे. तो गाण्याचा वाटा. म्हणजे ज्यानं गाणं लिहिलं त्याचा. तो माणूस कुठल्याही गावात असो, त्या बाजूला जाणारा कोणी सापडला की वाटा त्याच्या हाती रवाना व्हायचा. गाणं खरंच जुनं असेल, कोणाचं ते कोणालाच ठाऊक नसेल, तर तो वाटा विहाराच्या दानपेटीत. पण काढायचाच. पार्टीतल्या कोणाला तो कधी जास्तीचा वाटला असेल, पण आत्यासमोर बोलायची कोणाची टाप नव्हती.

तिचा दुसरा कायदा मला अजिबात आवडायचा नाही. कोणी नोट आणून दिली की ती गाणं तिथंच थांबवायची. नोट वर धरायची, देणाऱ्याचं नाव, गाव घ्यायची आणि म्हणायची, "पार्टी आभारी हाय." आम्ही कोरसवाल्या मागून "आभारी हाय" म्हणायचो. गाणं ऐन रंगात आलेलं आणि मध्येच ही खीळ. एकदा मी चिडून विचारलं, गाणं तोडून नावं कशाला घ्यायची?

"अवं पोरी," आत्या म्हणाली, "देनाऱ्याचं नाव घेतलं तं ते बक्षीस. नाव नाही घेतलं तं भीक. आपन भीक मांगाले बसलो काय इथं?"

तेव्हा मला ते पटलं नव्हतं.

आत्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं जात्याचं. ते लिहिलं होतं कामरगावच्या एका गिरणीवाल्यानं. कामरगाव आत्याचं माहेर आणि माझंही गाव. तिथं त्यांची पिठाची गिरणी. त्यांना सगळे गिरणीवालेच म्हणतात. खरं नाव बहुधा फक्त विजेच्या बिलावर असावं. गिरणी सुरू झाली की ते गाणी म्हणत. त्या घरघरीत त्यांचा एक शब्दही कोणाला ऐकू यायचा नाही, म्हणूनच ते मोकळ्या गळ्यानं म्हणत. आत्यानं ते गाणं ऐकलं ते वीज अचानक गेली म्हणून. पट्टा थांबला आणि गाणं मात्र चालूच राहिलं.

गाण्यात एक माय पहाटे दळते आहे. दिव्याजवळ बसून तिची लेक अक्षरं घोकते आहे. जातं फिरतं आणि फिरता फिरता ती अक्षरं मायच्या तोंडात येतात. शेवटच्या कडव्यात ती माय सांडलेल्या पिठात बोटानं स्वतःचं नाव लिहिते. बस, इतकंच. पण त्या कडव्याला बायकांच्या बाजूनं पदर डोळ्याला लागला नाही, असा कार्यक्रम मी पाहिला नाही. चाल ओवीच्या अंगाची, साधी, एकदा ऐकली की पाठ. गिरणीवाले म्हणायचे, "माह्या गिरनीनं गावातलं जातं मुकं केलं. आता त्याच्या वाटचं मीच गातो."

हे गाणं सुरू करण्याआधी आत्या पेटी थांबवायची आणि एका दमात म्हणायची, "गानं कामरगावच्या गिरनीवाल्याचं, आवाज माह्या, आन् चुकलं तं माह्यंच!" मग पहिली ओळ. वर्षानुवर्षं हेच. गिरणीवाल्यांचा वाटा कामरगावला जायचा आणि परतीच्या माणसाबरोबर ज्वारीच्या पिठाची पिशवी यायची. पिशवी आली म्हणजे वाटा पोचला.

मग मोबाईलचे दिवस आले. माझं लग्न होऊन मी आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावला आले होते. तिथं कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत एका शूटिंगवाल्यानं स्टुडिओ काढला. स्टुडिओ म्हणजे भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले आणि दाराला गोधडी. तो लग्नांचं शूटिंग करायचा. जात्याचं गाणं त्यानं कुठंतरी ऐकलं आणि ते रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकायचं त्याच्या मनानं घेतलं. आम्ही सगळे गेलो. मीही माझी झांज माळ्यावरून काढून चिंचेनं घासून नेली. खालून एसटीचा हॉर्न आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यानं ठरलेली ठोक रक्कम हातावर ठेवली, आत्यानं जिन्यावर बसूनच वाटे केले आणि गाण्याचा वाटा कामरगावला धाडला. सगळं रीतीनं झालं होतं. त्यानंतर आम्ही ते विसरूनही गेलो.

पुढच्या वर्षी मी कामरगावहून जीपनं परत येत होते. पुढच्या सीटवर कॉलेजची एक पोरगी बसली होती. तिनं मोबाईल लावला आणि जीपमध्ये माझी झांज वाजली. स्वतःची झांज ओळखू येते, खोटं नाही सांगत. मग आत्याचा आवाज आला. पोरगी गुणगुणू लागली, मागची एक बाई गुणगुणू लागली, ड्रायव्हर स्टिअरिंगवर ताल धरू लागला. माझ्या तोंडून निघून गेलं, "ही झांज माझी आहे!"

"हाव," ड्रायव्हर म्हणाला, "आन् त्या पेटीवर मी हाव!"

सगळी जीप हसली. मी पोरीकडून मोबाईल घेतला. गाणं किती वेळा ऐकलं गेलं तो आकडा खाली दिसत होता. तो मला एका नजरेत वाचताच येईना. एकं दहं शतं करत बोटानं मोजावा लागला. आमच्या अख्ख्या जिल्ह्यातली माणसं एका मैदानात बसवली तरी पुरली नसती. खाली लोकांनी लिहिलं होतं. सुरतहून, कल्याणहून, दुबईहून. एकानं लिहिलं होतं, माझी आई हे गुणगुणायची, ती आता नाही, रोज ऐकतो.  अंड्यांचे ट्रे लावलेल्या त्या खोलीतून निघून एक गाणं कुठल्या कुठल्या घरात, कोणाच्या कोणाच्या आईपर्यंत गेलं होतं! ज्यांचं गाव आम्ही पाहिलं नाही ते आमच्या गाण्यावर रडत होते. 

मग मी वर पाहिलं. तिथं आत्याचं नाव होतं, शूटिंगवाल्याच्या चॅनलचं नाव होतं. आणि त्याखाली, गीत: पारंपरिक.

मी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. गिरणीवाल्याचं गाणं, आवाज माझा, ते वाक्यही नव्हतं. थेट झांज. माझं डोकं सणकलं. पण खोटं कशाला बोलू, रागातही नवल वाटतच होतं. जिता माणूस कामरगावात दळण दळतोय आणि त्याचं गाणं लोकांना वाडवडिलांचं वाटतंय, एवढं ते चांगलं असावं!

घरी पोचून आत्याला फोन केला. आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "बाप्पा!" पारंपरिक सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं, "म्हंजे इतक्या लोकायनं आयकलं, आन् गिरनीवाल्या भाऊले गान्याचा वाटा गेलाच नाही?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती मालेगावात हजर.

शूटिंगवाला वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. गाणं इतकं ओळखीचं वाटलं, जात्याचं, ओवीच्या चालीचं, म्हणून आपण समजलो की जुनंच असणार, असं तो सरळ म्हणाला. "आन् ते सुरुवातीचं कापलं काहून?" आत्यानं विचारलं. तर म्हणे लोकांना दम नसतो, गाणं लगेच सुरू झालं नाही की बोटानं पुढं सरकवतात.

मग त्यानं पैशाचं समजावलं. सगळ्या ऐकणाऱ्यांच्या वर्गणीची आणि जाहिरातींची एक मोठी रास होते. कंपनी तिचा हिस्सा आधी काढते. उरलेल्यातून, ज्याचं जास्त ऐकलं गेलं त्याला जास्त, ज्याचं कमी त्याला कमी. एकदा ऐकल्याचे किती? तर पैशाचाही बारीक तुकडा. ते सगळं त्याच्या चॅनलवर येतं. लिहिणाऱ्याचा वेगळा वाटा असतो, पण पारंपरिक लिहिलं की तो कोणाच्याच नावानं निघत नाही.

आत्यानं चहाची बशी खाली ठेवली. 

"रास," ती म्हणाली. "खयावरची धान्याची रास आमच्या बापजाद्यायनं पाह्यली बापू. समद्यायचं नेऊन झालं की खाली झाडून उरलेलं आमच्यावालं. बलुतं म्हनत त्याले. ते आमी सोडून दिलं, ताठ मानेनं सोडलं. आता तेच मोबाईलात घालून आनलं काय तुमी?"

शूटिंगवाल्याची मान खाली गेली. त्यानं तिथंच संगणक उघडला आणि पारंपरिक पुसून गिरणीवाल्यांचं नाव घातलं. माझ्या मते भांडण मिटलं. आत्याच्या मते सुरूच झालं नव्हतं.

"लिवलेलं नाव दिसते. गानं दिसते काय? जीपीत, टॅक्टरवर, डीजेवर वाजते तवा कोन वाचाले जाते? नाव आवाजात पायजे."

"आत्या, ते नव्यानं टाकावं लागते. जुनं काढलं की आकडा शून्यावर. माह्यं एवढं एकच गानं चाललं. खोलीचं भाडं त्याच्यावर निघून राह्यलं. पोटावर पाय नका देऊ."

खोटं तो बोलत नव्हता. आत्यालाही ते दिसत होतं. ती उठली आणि म्हणाली, "तुह्यं पोट मले दिसते. पन गान्याचा वाटा सुरू होत नाही तवरोक मी ते गानं तोंडात घेत नाही."

 त्या गाण्यासाठी तर पार्टीला बोलावणं यायचं. ते गायचं नाही म्हणजे पार्टीचं दुकान बंद करायचं. जिन्यावरून उतरताना मी तसं म्हटलं, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळून टाकलं.

तिथूनच आम्ही कामरगावला गेलो. गिरणीत वीज नव्हती. बायका डबे रांगेत लावून बसल्या होत्या, आणि एकीच्या मोबाईलवर तेच गाणं चाललं होतं. एक म्हातारी मान डोलवत म्हणाली, "हे माह्या सासूच्या तोंडून आयकेल हाय." गिरणीवाले समोर स्टुलावर बसले होते. भुवयांवर पीठ.  ते नुसते त्या म्हातारीकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा मी आजवर विसरले नाही. पहिल्यांदा आपल्या नातवाला हातात घेतलेला माणूस असा दिसतो.

आत्याला राहवलं नाही. "अवं माय, गानं या भाऊचं हाय!"

"जा वं!" म्हातारी हसली. "हे तं जुनं गानं."

गिरणीवाल्यांनी हातानं आत्याला गप्प केलं आणि आम्हाला बाहेर घेऊन आले. "कायले सांगतं तिले? तिले तिची सासू याद आली ना? मंग झालं तं. माह्या वाटा म्या सोडला."

"तुमी सोडला तं ते तुमचं मोठेपन," आत्या म्हणाली.  "म्या सोडला तं ते चोरी होते, भाऊ."

इतक्यात वीज आली. गिरणी घरघरली आणि पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही.

जयंतीला रिठदच्या चौकात पार्टीचा कार्यक्रम होता. संध्याकाळपासून माणूस मावत नव्हता. आत्यानं गिरणीवाल्यांना बोलावून पहिल्या रांगेत बसवलं होतं. शूटिंगवालाही कॅमेरा घेऊन आला होता. त्याला गावानंच सुपारी दिली होती. आत्या एकामागून एक गाणी गात गेली. लोक जात्याचं मागत राहिले. चिठ्ठ्या आल्या, नोटा आल्या, मग आरडाओरडा सुरू झाला. शेवटी तिनं माईकवर सरळ सांगितलं, "ते गानं मी गात नाही. त्याचा वाटा राह्यला हाय." आणि ती खाली बसली.

 कोणाला काही कळेना. गोंधळ नको म्हणून साऊंडवाल्यानं घाईघाईत मोबाईलवरचंच गाणं मोठ्या स्पीकरवर लावलं. माझी झांज वाजली. पेटी सुरू झाली. पहिली ओळ यायला थोडा अवकाश होता, आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, "गानं कामरगावच्या..." दुसरा आवाज मिसळला. मग तिसरा. आणि मग अख्खा चौक, म्हातारे, पोरं, झेंडे धरलेले, ट्रॉलीवर चढलेले, एका दमात गरजला, "गिरनीवाल्याचं, आवाज माह्या, आन् चुकलं तं माह्यंच!"

रिठदच्या लोकांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या लेखी गाण्याची पहिली ओळ तीच होती. स्टुडिओत कापली गेली ती त्यांच्या तोंडातून कापली गेली नव्हती. माझ्या हातातली झांज हातातच राहिली. मी उभ्या आयुष्यात पुष्कळ कार्यक्रम केले, पण माणसांच्या एवढ्या मोठ्या आवाजासमोर इतकी लहान मी कधी झाले नाही.

गिरणीवाले उठून उभे राहिले. मागं वळले. काय करावं ते त्यांना सुचेना, तर त्यांनी अंगावरच्या नव्या सदऱ्यावरचं नसलेलं पीठ झटकलं आणि हात जोडले. आत्यानं पदरानं तोंड पुसलं, "लोकायनं वाटा देला," असं म्हणून साऊंडवाल्याला गाणं बंद करायची खूण केली आणि माईक हातात घेतला. इतकं चांगलं ते गाणं तिनं पूर्वी गायलं नव्हतं आणि नंतरही नाही.

शूटिंगवाल्यानं ते सगळं टिपलं. आठ दिवसांनी तो स्वतःच आत्याकडे आला. चौकातलं गाणं त्यानं जसंच्या तसं टाकलं होतं, लोकांच्या गर्जनेसकट. "आत्या, हे कापलं तं उरते काय?" तो म्हणाला. गीतकार म्हणून दोन्ही गाण्यांवर गिरणीवाल्यांचं नाव लागलं, आणि जे येईल त्यातून गाण्याचा वाटा काढायचा त्यानं शब्द दिला. आत्यानं आजवर शब्दावर कोणाला सोडलं नव्हतं. त्याला सोडलं.

उन्हाळा सरता सरता त्याचा फोन आला की पहिला वाटा आला आहे. आत्या म्हणाली, मी असल्याशिवाय द्यायचा नाही. म्हणून आम्ही तिघं भरदुपारी कामरगावच्या गिरणीत. त्यानं खिशातून घडी केलेल्या नोटा काढून गिरणीवाल्यांच्या हातावर ठेवल्या. मी ती घडी पाहिली आणि माझं पित्त खवळलं. गिरणीत जमलेल्या सगळ्यांना चहा-भजी झाली असती आणि संपलं असतं. "इतक्या लोकांचं हे इतकंच?" मी म्हटलं. "हा कुठला न्याय?" शूटिंगवाला म्हणाला, ताई, रासच तिकडं मोजतात, मी काय करू.  माझा तो राग अजून तसाच आहे.

पण गिरणीवाल्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी खटका दाबून गिरणी बंद केली. पट्टा मंद होत होत थांबला. हात धोतराला पुसले. नोटा वर धरून ते ताठ उभे राहिले, आत्या स्टेजवर उभी राहते तसे, आणि त्यांनी शूटिंगवाल्याला विचारलं, "कोनाकडून?"

"म्हंजे?"

"देनाऱ्याचं नाव काय? नाव घ्या लागते ना बाबू."

त्यानं मोबाईल काढला, इकडंतिकडं बोट फिरवलं आणि कसनुसा होऊन म्हणाला, "काका, पैसे कोनाचे ते कंपनी नाही सांगत. कोन, कुठचं, काहीच नाही कळत."

गिरणीवाल्यांनी समोर पाहिलं. डबे घेऊन बसलेल्या बायका बघत होत्या. सासूची आठवण सांगणारी ती म्हातारीही त्यांच्यात होती. मग गिरणी बंद आहे हे विसरून, तिच्या घरघरीच्या वर जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "ज्यायचं नाव मले ठाऊक नाही, त्या समद्यायच्याकडून! पार्टी..."

पुढं त्यांना बोलवेना. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. कोरसवाल्यांचं नशीब. मी शेवटचे दोन शब्द ठणकावून म्हटले, "आभारी हाय!"